दुसऱ्या बारवरचं सातवं सॉकेट

पान उघडलं की पांढरंच.
मला वाटलेलं, प्रकाशयोजनेचं काम,
निदान स्क्रीन तरी काळी असेल,
तिसऱ्या घंटेनंतरच्या थिएटरसारखी.
मेहजबीन म्हणाली, काका,
इथं उजेड काळ्या रेघेनं काढायचा.

ती बावीसची, मी चोपन्नचा.
लॅपटॉप नवी पेठेतून घेतलेला, जुना.
तिच्या अब्बांच्या टेलरिंगच्या दुकानावरचा पोटमाळा;
खालची मशीन थांबली
की माझा माउस अडखळल्याचं ऐकू येतं.

प्रमाण एकास पन्नास.
तीस फुटांचं स्टेज वितीच्या आत बसलं.
बारच्या तीन रेघा ओढल्या,
स्पॉट नेला जवळ,
तर तो आपणहून जाऊन चिकटला.
तीस वर्षं नटबोल्ट आवळतोय,
एकही स्पॉट कधी स्वतःच्या पायांनी बारवर गेलेला नाही.

चिन्हं पाठ करतोय.
फ्रेनेल बुटका, तांब्यासारखा.
प्रोफाइल म्हणजे पेनाचं टोपण.
पोटात एक आकडा, पाठीशी चॅनेल, तोंडाशी जिलेटिनचा नंबर.
आम्ही नुसतं म्हणायचो, आमरसाचा लाव रे,
आणि पोरं बरोबर तोच लावायची.
आमरसाला एकशे चार म्हणतात.
कळल्यावर जरा वेळ गप्प बसलो.

वडील जेकार्डवर होते, साखर पेठेत.
चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर चढायचा,
एक घर, एक धागा.
मग पुठ्ठ्याला भोकं:
भोक आहे, धागा वर;
भोक नाही, खाली.
घर चुकलं की म्हणायचे, तप्पु,
आणि खळीनं कागदाचा तुकडा चिकटवायचे,
वाळेपर्यंत अंगठा तिथंच.
इथं चुकलं की दोन बोटांचं काम.
स्पॉट जातो, रेघ जाते,
दाबत राहिलं तर सकाळ जाते.
एकदा दाबतच राहिलो.
पुन्हा पांढरं.
अंगठा उगाच टेबलावर टेकलेला.

चिलवेरी मामा गेले तेव्हा
चाळीस नाटकांचा उजेड त्यांच्या डोक्यात होता.
वही सापडली; तिच्यात नाट्यसंस्थांच्या उधाऱ्या.
तिसऱ्या अंकात आईच्या गालावर जे यायचं
ते कुठल्या बारवरून, कुठल्या कोनातून,
तीन रात्री शिडी फिरवली आम्ही.
शेवटी बाईंनी तो प्रवेश पाठमोरा केला.

म्हणून शिकतोय. बाकी काही नाही.

काल हॉलचा नकाशा पुरा झाला.
वा काका, म्हणाली मेहजबीन.
मी म्हटलं, खोटा आहे.
दुसऱ्या बारवरचं सातवं सॉकेट
मागल्याच्या मागल्या स्पर्धेपासून मेलेलं.
तिसरा बार डावीकडे चार बोटं झुकलेला.
उजव्या विंगेतला डिमर
एप्रिल आला की चाळीसवर थरथरतो.
याला चिन्ह काय?
तिनं अख्खी यादी खालीवर केली.
कुठल्या कुठल्या देशांचे दिवे होते,
मेलेलं सॉकेट नव्हतं.
मग तिनं नवा थर उघडला, रंग तांबडा,
आणि विचारलं, नाव काय देऊ?
मी म्हटलं, तप्पु.

झेरॉक्सवाल्यानं कागद आडवा धरला, उभा धरला.
चादरीची डिझाइन काय? मग मध्येच फुली का?
मी वीस रुपये ठेवले.

रात्री श्रीशैल शिडीवर, प्लॉटची घडी दातांत.
ती काढून ओरडला, सहावा झाला, पुढं?
मी पाचव्या रांगेत बसलेलो.
उत्तर जिभेवर आलं होतं, तिथंच ठेवलं.
वाच की बे.
वर अंधारात कागद उलगडल्याचा आवाज.
मग हसला.
आमच्या कन्नडातबी तप्पुच म्हणत्यात, काका,
म्हणाला, आणि आठव्याकडे सरकला.